तोल जाणारी माणसे आणि मेंदूचा अंदाज

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मिरजेत फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करताना ज्या रुग्णांशी माझा रोज संबंध येतो, त्यांतील एका गटाविषयी आपल्या वाचकांना काही सांगावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे. हे रुग्ण चालताना झोकांड्या खातात, पाय फाकवून टाकतात आणि वळताना भिंतीचा आधार शोधतात. पाण्याचा पेला उचलायला गेले, तर त्यांचा हात पेल्याच्या पुढे जातो किंवा अलीकडेच थांबतो. पेला हातात आला, तरी ओठांपर्यंत नेताना निम्मे पाणी अंगावर सांडते. बोलणे जड आणि तुटक झालेले असते. त्यांच्या स्नायूंत ताकद असते, हातापायांना स्पर्श कळतो, विचारशक्ती शाबूत असते; तरीही रस्त्यावर, बसथांब्यावर, लग्नाच्या मांडवात त्यांना पाहणारी बहुतेक माणसे क्षणात एकच निष्कर्ष काढतात, की हा माणूस पिऊन आला आहे.

जत भागातून उपचारांसाठी येणाऱ्या एका रुग्णाला, हातात दवाखान्याची फाइल असताना, अशाच समजुतीने बसमधून खाली उतरवण्यात आले. त्याचे बोलणे जड असल्यामुळे तो जितके समजावू लागला, तितका इतरांचा संशय पक्का होत गेला. त्यानंतर त्याने एकट्याने प्रवास करणे सोडले, आणि सोबत यायला घरात कोणी मोकळे नसल्यामुळे उपचारही सुटले. त्या बसमधल्या माणसांना मी दुष्ट म्हणणार नाही. या रुग्णाचे नेमके काय हरवले आहे, हे त्यांना कोणी कधी सांगितलेले नाही, आणि जे हरवले आहे ते आपल्या सर्वांजवळ असूनही आपल्याला कधी जाणवत नाही. स्वतःच्या हालचालीमुळे पुढच्या क्षणी आपल्याला काय दिसेल, काय ऐकू येईल आणि कोणता स्पर्श होईल, याचा आधीच अंदाज बांधण्याची मेंदूची क्षमता ती हीच.

डोळे, कान, त्वचा बातमी आणतात, मेंदू ती ऐकून आज्ञा देतो आणि स्नायू ती आज्ञा पाळतात, असे आमच्या पिढीला शाळेत शिकवले गेले. ते खोटे नाही. पण एवढ्यावर माणूस पेलाभर पाणीसुद्धा नीट पिऊ शकला नसता. कारण बातमी यायला वेळ लागतो. डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीवरून हाताची चालू असलेली हालचाल सुधारायला साधारणपणे एक दशांश सेकंद किंवा त्याहून थोडा अधिक काळ जातो. हात सेकंदाला एक मीटर या साध्या वेगाने पुढे जात असेल, तर तेवढ्या अवधीत तो दहा सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. म्हणजे हात कुठे आहे हे मेंदूला कळते, तेव्हा तो तिथे राहिलेलाच नसतो. यावर मेंदूने काढलेला उपाय असा, की स्नायूंकडे आज्ञा धाडतानाच तिची एक प्रत तो स्वतःच्या दुसऱ्या भागाकडे पाठवतो. त्या प्रतीवरून हात आता कुठे असेल आणि त्यामुळे कोणती संवेदना येईल, याचे भाकीत खरी संवेदना पोहोचण्याआधीच तयार होते. मग प्रत्यक्ष आलेली बातमी त्या भाकिताशी ताडून पाहिली जाते. दोन्ही जुळली, तर ती बातमी फारशी वर येत नाही. जुळली नाहीत, तरच आपले लक्ष तिकडे वेधले जाते.

हे भाकीत चालू असते याचा पुरावा ते चुकते तेव्हा मिळतो. भरलेली समजून रिकामी कळशी उचलायला गेले, की ती झटक्यात वर उडते, कारण भरलेल्या कळशीला लागणारा जोर हाताने आधीच लावलेला असतो. अंधारात जिना उतरताना आणखी एक पायरी आहे असे समजून पाय टाकला आणि तिथे सपाट जमीन लागली, तर साऱ्या अंगाला हिसका बसतो. याहून चांगला प्रयोग कोणत्याही शाळेत, एक पैसाही खर्च न करता करता येईल. डोळे मिटून एका तळहातावर जाड पुस्तक तोलून धरावे आणि दुसऱ्या हाताने ते स्वतःच उचलावे. खालचा हात जवळजवळ जागच्या जागी राहतो, कारण पुस्तक नेमके कधी उचलले जाणार हे मेंदूला ठाऊक असते आणि तो त्याच क्षणी खालच्या हाताचा जोर कमी करतो. आता तेच पुस्तक मित्राला न सांगता उचलायला लावावे. हात नकळत वर उसळतो. डोळे उघडे ठेवून, मित्राचा हात येताना पाहिला तरीही तो बऱ्याच अंशी उसळतोच, ही यातली सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट आहे. दुसऱ्याची हालचाल पाहून बांधलेला तर्क आणि स्वतःच्या आज्ञेवरून बांधलेले भाकीत यांत किती अंतर आहे, ते मुलांना स्वतःच्या हातावर अनुभवता येते.

या विचाराला मोठा इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात जर्मन शास्त्रज्ञ हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी एका साध्या अनुभवाकडे लक्ष वेधले. एक डोळा झाकून दुसऱ्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यावर पापणीवरून बोटाने हलकेच दाबले, तर समोरचे सगळे दृश्य हलते. मात्र आपण स्वतःहून नजर फिरवतो, तेव्हा डोळ्यातल्या पडद्यावरची प्रतिमा त्याहून कितीतरी अधिक सरकूनही जग स्थिर दिसते. बोटाने ढकललेल्या डोळ्याची बातमी मेंदूला आधी मिळालेली नसते. स्वतः फिरवलेल्या नजरेची मिळालेली असते. ज्यांच्या डोळ्यांचे स्नायू लुळे पडले आहेत अशा रुग्णांत याची उलटी बाजू दिसते: नजर वळवायचा नुसता प्रयत्न केला, तरी डोळा जागचा न हलता त्यांना जग सरकल्यासारखे वाटते. पुढे 1950 साली जर्मनीत एरिश फॉन होल्स्ट आणि होर्स्ट मिटेलश्टेट यांनी, आणि त्याच वर्षी अमेरिकेत रॉजर स्पेरी यांनी स्वतंत्रपणे, आज्ञेच्या प्रतीची कल्पना स्पष्ट शब्दांत मांडली. स्पेरी यांनी एका माशाचा डोळा शस्त्रक्रियेने उलटा बसवला, तेव्हा तो मासा एकाच दिशेने गोल गोल फिरत राहिला, कारण प्रत्येक हालचालीनंतर येणारी बातमी अपेक्षेच्या नेमकी उलट येत होती आणि ती चूक निस्तरण्याच्या प्रयत्नात ती आणखी वाढत होती.

ही व्यवस्था केवळ माणसाची नाही. पावसाळ्यात आपल्या परसात ओरडणारा रातकिडा शंभर डेसिबलच्या घरातला आवाज काढतो आणि तरीही स्वतःच्या आवाजाने बहिरा होत नाही. पंख घासण्याची आज्ञा निघताच एक विशिष्ट चेतापेशी त्याच्या श्रवणपेशींना नेमक्या त्या त्या क्षणांपुरते दाबून ठेवते, हे जेम्स पूले आणि बर्थोल्ड हेडविग यांनी केंब्रिजमध्ये दाखवले. ती पेशी त्यांनी 2006 साली शोधून काढली. रातकिड्यासारख्या एवढ्याशा जिवातही हे काम करायला एक स्वतंत्र पेशी राखून ठेवलेली असावी, यावरून त्याचे महत्त्व ध्यानात यावे.

माणसाच्या बाबतीत सर्वांत ओळखीचा पुरावा गुदगुल्यांचा आहे. स्वतःला गुदगुल्या करून घेता येत नाहीत, हे मूलसुद्धा जाणते. 1998 साली लंडनमध्ये सारा-जेन ब्लेकमोर, डॅनियल वोल्पर्ट आणि ख्रिस फ्रिथ यांनी मेंदूचे चित्रण करून दाखवले, की तोच स्पर्श स्वतः केला तर मेंदूतील स्पर्शाच्या भागाचा प्रतिसाद कमी होतो, आणि हा फरक पडण्यात लहान मेंदूचा हात असतो. पुढच्या वर्षीच्या त्यांच्या प्रयोगात व्यक्ती डाव्या हाताने एक यंत्र हलवत असे आणि त्या यंत्रामार्फत मऊ स्पंज तिच्याच उजव्या तळहातावर फिरत असे. यंत्राने स्पर्श 100, मग 200 मिलिसेकंद उशिरा पोहोचवला, तेव्हा गुदगुल्यांची जाणीव वाढत गेली. हात आपलाच, हेतू आपलाच, पण वेळ चुकली की तो स्पर्श परका होऊ लागतो. मोबाइलवर बोलताना स्वतःचाच आवाज क्षणभराने परत ऐकू येऊ लागला, की अस्खलित बोलणाराही का अडखळतो, याचे उत्तरही भाकीत आणि बातमी यांच्या वेळा न जुळण्यात आहे. पसरणी घाटाच्या वळणांवर मागच्या बाकावरच्या प्रवाशांना गाडी लागते आणि चालवणाऱ्याला सहसा लागत नाही, तेही याच जातीचे आहे: वळण येणार हे चालकाच्या मेंदूला त्याच्या स्वतःच्या हातांच्या आज्ञेतून आधीच कळलेले असते.

शिक्षकांनी आणि पालकांनी अवश्य वाचावा असा एक प्रयोग सुखविंदर शेरगिल, पॉल बेज, फ्रिथ आणि वोल्पर्ट यांनी 2003 साली प्रसिद्ध केला. दोन व्यक्तींना समोरासमोर बसवून त्यांनी सांगितले, की समोरच्याने तुमच्या बोटावर जितका दाब दिला, तेवढाच दाब तुम्ही त्याच्या बोटावर द्या. एकाला दिलेल्या सूचना दुसऱ्याला ठाऊक नव्हत्या. दोघेही प्रामाणिकपणे तेवढाच दाब देण्याचा प्रयत्न करत होते, आणि तरीही प्रत्येक पाळीत दाब सरासरी 38 टक्क्यांनी वाढत गेला. स्वतः दिलेल्या दाबाची जाणीव मेंदू आधीच वजा करतो, म्हणून तो कमी भासतो. दुसऱ्याचा दाब मात्र पुरेपूर जाणवतो. हाच दाब बोटाने थेट न देता यंत्राची दांडी हलवून द्यायला सांगितला, तेव्हा लोकांचा अंदाज जवळपास बिनचूक आला. शाळेच्या मैदानावर, तालमीच्या दारात, भावाभावांत दोन मुले भांडतात आणि दोन्ही मुले शपथेवर सांगतात, की त्याने जोरात मारले, मी हळूच मारले. आपण त्यांतल्या एकाला खोटारडा ठरवून मोकळे होतो. दोघेही स्वतःला जाणवलेले खरे सांगत असण्याची शक्यता आपल्या मनात येतच नाही. प्रयोगशाळेत बोटाने दिलेला दाब आणि मैदानावरची मारामारी एक नव्हे, हे मला मान्य आहे. पण न्याय करायला बसणाऱ्या मोठ्या माणसाला एवढे ठाऊक असणे त्या मुलांचे हक्काचे आहे, असे मला मनापासून वाटते.

आता माझ्या रुग्णांकडे वळते. डोक्याच्या मागच्या बाजूला, मानेच्या वर असणारा लहान मेंदू, ज्याला अनुमस्तिष्क म्हणतात, वजनाने संपूर्ण मेंदूच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास भरतो. पण मानवी मेंदूतील सुमारे 8,600 कोटी चेतापेशींपैकी जवळजवळ 6,900 कोटी पेशी या एवढ्याशा भागात दाटीने बसवलेल्या आहेत, असे ब्राझीलमधील शास्त्रज्ञांनी 2009 साली केलेल्या मोजणीत आढळले. त्याला इजा झाली तर लकवा होत नाही आणि बधिरपणाही येत नाही. हालचालीचा नेमकेपणा मात्र जातो. पहिल्या महायुद्धात डोक्यात गोळी लागलेल्या सैनिकांच्या तपासण्या करून गॉर्डन होम्स या ब्रिटिश चेताशास्त्रज्ञाने हे बारकाईने नोंदवले. त्यांच्या एका रुग्णाच्या लहान मेंदूच्या उजव्या बाजूला इजा होती, आणि त्याने सांगितले होते, की डाव्या हाताच्या हालचाली आपोआप होतात, पण उजव्या हाताची प्रत्येक हालचाल मला विचार करून करावी लागते. माझ्याकडे येणारे रुग्ण वेगळ्या शब्दांत अगदी हेच सांगतात. तासगावकडच्या, द्राक्षबागेत घडांची विरळणी करण्यात हातखंडा असलेल्या एका बाईंनी मला सांगितले, की पूर्वी कात्री मण्यांतून आपली आपण फिरायची, आता प्रत्येक मण्यासाठी तिला वाट सांगावी लागते आणि तरीही ती भलताच मणी तोडते.

लहान मेंदू भाकिताचे काम करतो, याचा एक फार बोलका पुरावा 2007 साली ब्रिटनमधील ख्रिस मायल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिळवला. निरोगी व्यक्ती हात हलवत असताना त्यांनी चुंबकीय झटका देऊन तिच्या लहान मेंदूचे काम क्षणभर विस्कटले आणि लगेच तिला एका लक्ष्याकडे हात न्यायला सांगितला. हात चुकला, आणि तो अशा रीतीने चुकला, की मेंदूने सुमारे 140 मिलिसेकंद आधी हात जिथे होता, तिथूनच जणू ही नवी हालचाल आखली होती. भाकीत बंद पडल्यावर मेंदूपाशी शिळी बातमी तेवढी उरते. गॅस गीझरचे पाणी गार लागले म्हणून आपण खटका फिरवतो, नळीतले जुने पाणी येत राहते म्हणून आणखी फिरवतो, मग एकदम कढत पाणी येते, आणि उलटा फिरवला की पुन्हा गार होते. शिळ्या बातमीवरून दुरुस्ती करणाऱ्याचे हे असेच व्हायचे. पेल्याकडे जाणारा माझ्या रुग्णाचा हात जसजसा जवळ जातो तसतसा अधिक थरथरतो आणि पेल्याच्या अलीकडे-पलीकडे हेलकावे खातो, ते प्रामुख्याने यामुळे. हात स्वस्थ मांडीवर असताना ही थरथर नसते. बघणाऱ्याला वाटते, की हा घाबरला आहे किंवा लक्ष देत नाही. वस्तुस्थिती उलटी आहे. आपण जे काम लक्ष न देता करतो, ते तो सर्व लक्ष एकवटून करत असतो आणि म्हणून संध्याकाळपर्यंत गळून जातो.

लहान मेंदू केवळ भाकीत करत नाही, तर चुकलेल्या भाकितावरून शिकतो, आणि पुनर्वसनाच्या दृष्टीने हे समजून घेणे फार आवश्यक आहे. नंबर बदललेला चष्मा लावल्यावर पहिले काही दिवस पायऱ्या उंचसखल वाटतात, पुढे सवय होते. अमेरिकेतील थॉमस थॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना दृश्य एका बाजूला सरकवणारे लोलक डोळ्यांवर लावून मातीचे गोळे लक्ष्यावर फेकायला लावले. निरोगी माणसांचे गोळे आधी बाजूला पडले आणि काही फेकींनंतर लक्ष्यावर बसू लागले. लोलक काढल्यावर ते काही वेळ उलट्या बाजूला पडले, कारण शिकलेले भाकीत अजून पुसले गेले नव्हते. लहान मेंदूला विशिष्ट भागांत इजा असलेल्या रुग्णांना मात्र ही सवय लागलीच नाही. आमच्या रुग्णांच्या घरच्यांना मी हे पुनःपुन्हा सांगते, कारण “एवढे दिवस व्यायाम करूनही तुम्हाला जमत कसे नाही” हा प्रश्न घरात विचारला जातो आणि तो रुग्णाला आजाराहून अधिक लागतो. ज्या अवयवाने शिकायचे, तोच दुखावला आहे. शिकणे म्हणून हळू होते. पण ते होतच नाही असे मुळीच नाही. लहान मेंदूच्या झीज होत जाणाऱ्या आजारांतही चार आठवड्यांच्या कसून घेतलेल्या समन्वयाच्या व्यायामांनी चालणे सुधारते, असे जर्मनीत केलेल्या आणि 2009 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले, आणि घरी व्यायाम चालू ठेवणाऱ्यांचा लाभ अधिक टिकला. याचा अर्थ असा, की अपमानाच्या भीतीने ज्याने दवाखान्यात येणे सोडले, त्याचे खरोखरचे नुकसान झाले.

दारूचा संबंध लोकांच्या मनात का येतो, हेही सांगायला हवे. अल्कोहोलचा परिणाम लहान मेंदूवर लवकर आणि ठळकपणे होतो. प्यालेल्या माणसाची चाल आणि माझ्या रुग्णाची चाल सारखी दिसते, कारण दोघांच्या मेंदूतील तोच भाग काम करत नसतो. एका सरळ रेषेत टाचेला बोटे लावून चालायला लावण्याची जी तपासणी आम्ही करतो, तीच काही देशांत पोलीस रस्त्यावर करतात. फरक चालीतून कळणारच नाही, तो विचारूनच कळेल. आपला कायदासुद्धा चालीवर निवाडा करत नाही: मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 प्रमाणे चालकाच्या 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल चाचणीत आढळावे लागते. वाहन चालवणाऱ्या माणसाला कायदा जेवढी संधी देतो, तेवढी तिकीट काढून बसलेल्या माणसाला आपण देत नाही. वर्षानुवर्षांच्या दारूनेही लहान मेंदूची कायमची झीज होते. अशा माणसाने आता दारू सोडली असली, तरी चाल पूर्ववत होईलच असे नाही, आणि मी त्यालाही रुग्णच मानते.

या गैरसमजात जीव जाण्याचा धोकाही आहे, आणि या पत्रातील एकच मजकूर वाचकांच्या लक्षात राहणार असेल, तर तो हा राहावा. चांगल्या चालत्याबोलत्या माणसाचा तोल अचानक जाऊ लागला, त्याला गरगरून उलट्या होऊ लागल्या, एकाची दोन दिसू लागली, जीभ जड झाली, डोके विलक्षण दुखू लागले, तर तो लहान मेंदूचा किंवा मेंदूच्या बुंध्याचा पक्षाघात असू शकतो. हातपाय लुळे पडले नाहीत, तोंड वाकडे झाले नाही, म्हणून पक्षाघात नाही असे समजू नये. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत देता येते, आणि तेही मेंदूच्या चित्रणानंतर (स्कॅननंतर), योग्य रुग्णालाच. “उतरेल सकाळपर्यंत” म्हणून अंगणात बाजेवर झोपवलेल्या माणसाची ही मुदत सकाळ होण्याआधीच निघून जाते. शिवाय लहान मेंदूला आलेली सूज पुढच्या काही दिवसांत मेंदूच्या बुंध्यावर दाब आणू शकते, आणि श्वास व शुद्ध यांचे नियंत्रण तिथूनच होते. अशा रुग्णाला जवळ डॉक्टर नसेल, तर 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून, मेंदूच्या चित्रणाची सोय असलेल्या रुग्णालयात थेट न्यावे.

आणखी एका आजाराचा उल्लेख करते. तो माझ्या कामाच्या कक्षेत येत नाही, पण त्यावरून याच क्षमतेचे आणखी एक रूप कळते. स्किझोफ्रेनिया या मानसिक आजाराच्या काही रुग्णांना आपला हात दुसरेच कोणी हलवत आहे, किंवा आपल्या मनातले बोल कोणी बाहेरचाच बोलत आहे, असे वाटते. स्वतःच्या कृतीचे भाकीत आणि तिच्यापासून आलेली संवेदना यांचा मेळ बिघडल्यामुळे स्वतःचीच कृती परकी वाटत असावी, ही त्याची एक महत्त्वाची उपपत्ती आहे. ब्लेकमोर आणि सहकाऱ्यांच्या 2000 सालच्या अभ्यासात असे अनुभव येणाऱ्या रुग्णांना स्वतः केलेला आणि दुसऱ्याने केलेला स्पर्श सारखाच तीव्र जाणवला. बोटाच्या दाबाचा वर सांगितलेला प्रयोग 2005 साली स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांवर केला, तेव्हा त्यांचा अंदाज निरोगी माणसांपेक्षा अधिक अचूक आला, कारण स्वतःचा दाब त्यांचा मेंदू तेवढा वजा करत नव्हता. संपूर्ण आजाराचा उलगडा एवढ्याने होत नाही. पण “कोणीतरी माझ्याकडून करून घेते” असे म्हणणाऱ्या मुलीला आपल्या भागात आजही करणी, बाधा म्हणून देवऋषाकडे नेले जाते. शेजारच्या साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्यासाठी हयात वेचली, तो जादूटोणाविरोधी कायदा 2013 साली झाला आणि भूत उतरवण्याच्या नावाखाली होणारी मारहाण गुन्हा ठरली. बाधेऐवजी मुळात काय बिघडले असावे, हे सांगण्याचे काम मात्र कायदा करू शकत नाही, ते शाळेने आणि वर्तमानपत्राने करायचे आहे.

म्हणून माझी विनंती आपल्याकडे आणि आपल्यामार्फत या जिल्ह्यातील शिक्षकांकडे आहे. मेंदू शिकवताना पंचेंद्रियांनंतर थांबू नये. तळहातावरचे पुस्तक, रिकामी कळशी आणि गुदगुल्या एवढ्या साहित्यावर एक तास सहज रंगतो, आणि 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला याहून कमी खर्चाचा प्रयोग मला तरी सुचत नाही. बसवाहक, पोलीस आणि सुरक्षारक्षक यांच्या प्रशिक्षणात एक प्रश्न शिकवला जावा: “तुम्हाला काही आजार आहे का? सोबत कागद आहेत का?” तोही शांतपणे, आणि उत्तर जड जिभेने आले तरी ते पूर्ण होईपर्यंत थांबून. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये दिव्यांगत्वाचे 21 प्रकार नोंदले आहेत आणि त्यांत दीर्घकालीन चेतासंस्थेचे आजार तसेच मानसिक आजारही आहेत. तोल जाणाऱ्या रुग्णाच्या घरच्यांनी तपासणी करून घेऊन प्रमाणपत्रासाठी अर्ज करावा, आणि तोपर्यंत निदानाचा कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून रुग्णाच्या खिशात ठेवावा. कागद दाखवावा लागावा हे मला स्वतःला अपमानास्पद वाटते, पण आज तरी त्याचा उपयोग होतो.

सांगली-मिरज परिसरातील कोणत्याही शाळेला, बस आगाराला किंवा पोलीस ठाण्याला या विषयावर तासभराचे प्रात्यक्षिक हवे असेल, तर मी ते विनामूल्य करून दाखवीन. माझे काही रुग्ण सोबत येऊन स्वतः बोलायला तयार आहेत. त्यांना बोलायला इतरांपेक्षा जास्त वेळ लागतो, तेवढा वेळ आयोजकांनी धरावा.

आपली विश्वासू,
एक फिजिओथेरपिस्ट,
मिरज, जि. सांगली